आपल्याच पाणंदीची परवानगी

दाजी, तुमच्या फ्युनरलला डेल आला होता.

ज्याच्या शेताच्या कडेने आपण दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जायचो, तो डेल. दोन तास गाडी हाकत एडमंटनला आला, हॉलच्या दारात टोपी काढली आणि अक्कासमोर उभा राहून म्हणाला, "सॉरी फॉर युअर लॉस, मॅम." मग माझ्याकडे वळला. माझा हात आपल्या रुंद पंजात धरून म्हणाला, "ही वॉज अ गुड मॅन, युअर ब्रदर-इन-लॉ. ही ऑलवेज आस्क्ड."

नेहमी विचारायचा. तुम्ही या प्रांतात किती पूल उभे केलेत, किती पोरांना बेसमेंटमध्ये ठेवून घेऊन नोकरीला लावलंत, मला, बायकोच्या भावाला, इथे आणून कसं माणसात बसवलंत, यातलं त्याला काही ठाऊक असायचं कारण नाही, हे मला कळतं. पण तुमच्याबद्दल चांगलं म्हणून त्याच्यापाशी जे होतं ते एवढंच, की तुम्ही परवानगी मागायचात. वॉशरूममध्ये जाऊन मी तोंडावर पाणी मारत राहिलो. अक्काला वाटलं मी रडायला गेलो. रडलो मी नंतर, घरी आल्यावर, तुमचा जाडा कोट खुंटीवर दिसला तेव्हा. तिथे हॉलमध्ये नुसती शिसारी आली होती.

तसा त्या दिवशी शिसारी आणायला डेल एकटाच नव्हता. आपल्या मंडळातली माणसं एकेक करून माइकपाशी आली. एकजण म्हणाले, तुम्हाला निसर्गाची अतोनात ओढ होती. दुसऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही वीकेंडला रानात मनन करायला जायचात. मनन! दर डिसेंबरला तुमच्या गॅरेजमध्ये येऊन, तुम्ही मारलेल्या हरणाचं सुकं भाकरीबरोबर बोटं चाटून खाणारी हीच माणसं. डबे भरून घरी नेणारीही हीच. पण तुम्ही शिकारी होतात हे चार लोकांत म्हणायला एकाचीही जीभ रेटली नाही. पुढच्या रांगेत बसून मी दात आवळत होतो. तुम्ही असतात तर माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, "असू द्या की पाव्हणं, जेवायला मिळणार हाय ना शेवटी?"

ते तुमचं 'असू द्या की' हेच तर आपलं भांडण होतं. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात.

ती वाट आपल्याला सापडली तो दिवस तुम्हाला आठवत असेल. बंदूक तुमची आणि नकाशा माझा, अशी आपली वाटणी. मी उभ्या जन्मात चाप ओढला नाही, पण कुठली जमीन कुणाची आणि कुठे पाय ठेवला तर चालतो, हे बघायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलं होतं. फोनवरच्या त्या ॲपमध्ये खासगी शेतं पिवळी दिसत आणि सरकारी जमीन हिरवी. सगळीकडे पिवळंच पिवळं, आणि त्याच्या मधोमध एक हिरवा चौकोन. पॉप्लरची झाडी, थोडं दलदलीचं, कुणी न नांगरलेलं. सरकारी म्हणजे तुमच्या माझ्या हक्काचं, कुणालाही न विचारता शिकार करता येईल असं. पण चारी बाजूंनी लोकांची शेतं, मग आत जायचं कसं? तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांपाशी नेलात आणि त्या चौकोनापासून मोठ्या रस्त्यापर्यंत आलेली एक बारीक पट्टी बोटाने दाखवलीत.

"अहो पाव्हणं, ही पाणंद हाय की!"

आणि ती पाणंदच होती. जुन्या काळी मोजणीवाल्यांनी ही सगळी माळरानं चौकोनांत कापली तेव्हा मधेमधे रस्त्यासाठी पट्टे राखून ठेवले. बऱ्याच ठिकाणी रस्ता झालाच नाही, पण पट्टा सार्वजनिकच राहिला. इथे त्याला रोड अलाउन्स म्हणतात. आपल्याकडे दोन शिवारांमधून बैलगाडीपुरती वाट सोडतात, तीच ही. तुम्ही इतके खूश झालात की दुपारभर त्या हिरव्या चौकोनाला गायरान म्हणत होतात.

पाणंद म्हटल्यावर पुढचं काय असणार, हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपण तिथे पोचलो तर पाणंदीच्या तोंडाला लोखंडी गेट, गेटाला साखळी आणि साखळीच्या वर पत्र्याची पाटी. खासगी मालमत्ता, शिकारीला बंदी, आत येऊ नये. पलीकडे अर्ध्या पट्ट्यावर डेलच्या कनोलाचे, म्हणजे इथल्या मोहरीचे, कापलेले खुंट दिसत होते. बांध कोरणारा माणूस ट्रॅक्टरमध्ये एसी लावून बसला तरी बांध कोरतोच. त्याच्याकडे शेतं होती ती डोळ्यांत मावणार नाहीत इतकी, आणि तरी त्याला ही चिंचोळी पट्टी हवी होती. मी तिरीमिरीत खाली उतरलो आणि साखळीला हात घातला. साखळीला कुलूपसुद्धा नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "थांब."

मग तुम्ही गाडी वळवलीत आणि त्याच्या घरापाशी नेलीत. दिवाळी नुकतीच झाली होती. अक्काने आपल्याला वाटेत खायला चकल्या-करंज्यांचा डबा दिला होता. मागच्या सीटवरचा तो डबा उचलून तुम्ही उतरलात. मी म्हटलं, दाजी, ते आपलं खाणं आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. मी गाडीतच बसून राहिलो. काचेतून दिसत होतं ते असं: तुम्ही पायरीच्या खाली उभे, तो पायरीच्या वर. तुम्ही काहीतरी बोललात, डबा पुढे केलात. त्याने झाकण काढून वास घेतला आणि मान हलवली. तुम्ही परत आलात आणि हात चोळत गाडी सुरू केलीत.

"येस म्हणाला."

"कशाला येस म्हणाला? वाट त्याच्या बापाची आहे का?"

"नाही. पण येस म्हणाला ना!"

त्या वर्षापासून ती रीतच पडली. दिवाळीचा फराळ झाला की अक्का एक डबा बाजूला काढायची आणि त्यावर टेपने 'डेल' असं नाव लावायची. मंडळाच्या अध्यक्षांना जाईल त्याहून भरलेला डबा. सीझन सुरू व्हायच्या आधी तुम्ही तो घेऊन जायचात, कुठल्या कुठल्या शनिवारी येणार ते सांगायचात, आणि जी वाट आपलीच होती तिच्यावरून जायची परवानगी घेऊन यायचात. तो चकल्यांना स्पायसी प्रेट्झेल म्हणायचा. आपल्यात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. याच्याकडून एका वर्षी डबा आला तो आतून ग्रीसने माखलेला. मेल्याने त्यात नटबोल्ट ठेवले होते. अक्काने तो घासघास घासला, वास गेला नाही, शेवटी रिसायकलिंगमध्ये टाकला. तुम्ही हसलात. त्या वर्षी मला करंजीसुद्धा गेली नाही.

मी काउंटीच्या, म्हणजे इथल्या तालुक्याच्या, ऑफिसला फोन केला होता, हे तुम्हाला आवडलं नव्हतं. तिथली बाई गोड बोलली. हो सर, रोड अलाउन्स पब्लिकच आहे. नाही सर, पाटी आमची नाही. मग काढा की ती, असं मी म्हटल्यावर म्हणाली, अशा बाबतीत शेजाऱ्याशेजाऱ्यांनी आपसांत समजुतीने घ्यावं असं आम्ही सुचवतो. मी विचारलं, समजून कुणी घ्यायचं, ज्याची वाट गेली त्याने का? ती म्हणाली, हॅव अ ग्रेट डे. दाजी, मला शिवी हासडणारा माणूस परवडतो. हक्क तुमचाच आहे असं सांगून वर हसत फोन ठेवणाऱ्या माणसाचा मला वीट आहे.

येता-जाता गाडीत आपलं तेच चालायचं. मी म्हणायचो, एकदा विचारलंत की ती त्याची झाली, दर वर्षी विचारून तुम्हीच त्याचा सातबारा पक्का करताय. तुम्ही म्हणायचात, "माझ्या बापाची अन् चुलत्याची उभी हयात एका बांधापायी गेली. एका घरात दोन चुली, आणि आज्जीच्या मयताला दोघं दोन बाजूला उभे. ते बघून मी इथं आलो. आता इथं काय कोर्टकचेरी करत बसू?" मी म्हणायचो, कोर्टात जा असं कोण म्हणतंय, गेट उघडा आणि चालायला लागा. त्यावर तुम्ही थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात द्यायचात. चहा द्यायचा आणि विषय संपवायचा, ही तुमची जुनी खोड. मला त्याचा राग यायचा आणि चहा मात्र मी प्यायचो.

पण आत शिरल्यावर तुम्ही वेगळेच माणूस व्हायचात, हेही मला सांगायला हवं, नाहीतर हे लिहिणं नुसतंच कडू होईल. पॉप्लरच्या झाडीत पाठीला पाठ लावून बसायचो आपण. बर्फात उमटलेल्या खुरांवरून हरीण चाललं होतं की पळत होतं, हे तुम्ही मला कुजबुजत सांगायचात. आपली रेवा, तुमची लेक, शाळेत होती तेव्हापासून बरोबर यायला लागली. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलणार, पण रानात तुमच्याशी खुणांनी मराठी बोलायची. जनावर पडलं की तुम्ही आधी त्याच्या कपाळाला हात लावायचात आणि मगच सुरी काढायचात. काळीज, गुर्दे, काही म्हणून वाया घालवायचं नाही. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत असं गप्प बसून राहायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत, आणि त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत, कारण मेहुण्याचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. आता मानतो.

आणि मग ते हरीण.

मला ते लिहायचं नव्हतं, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की तेच आधी डोळ्यांपुढे येतं. आपण आपल्या हिरव्या चौकोनात, अगदी सरकारी जमिनीत बसलो होतो. मी ॲप दोनदा बघितलं होतं. उतरत्या उन्हात तो नर आला, मोठा, मान जाड झालेला. तुमची गोळी जरा मागे लागली. पोटात. तो पाठ वाकवून उडाला आणि डेलची तार ओलांडून पलीकडे शेतात गेला. गवताच्या गोल भाऱ्यांपाशी जाऊन खाली बसला. आपल्याला दिसत होता, दाजी. मान वर करत होता, टाकत होता. थोड्या वेळाने मान खाली गेली ती गेली.

मी तारेवर पाय ठेवला. तुम्ही माझी बाही धरलीत. "परवानगी वाटेची घेतली हाय, शेताची नाही."

कायद्याने तुमचं बरोबर होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पलीकडचं शेत खरोखरच त्याचं होतं. तुम्ही बंदूक रिकामी केलीत, आपण सगळी पाणंद चालत परत आलो, वळसा घालून त्याच्या घरी गेलो. तो जेवत होता. दारातून म्हणाला, थांबा. जेवण झालं, मग टीव्हीवर हॉकीचा पिरियड चालू होता तो संपेपर्यंत आपण अंगणात उभे. खिडकीतून त्याचे मोजे घातलेले पाय दिसत होते. मग दार किलकिलं करून म्हणाला, "नॉट इन द डार्क. कम बॅक इन द मॉर्निंग." मघाशी तर उजेड होता. अंधार त्याच्या जेवणाने केला.

सकाळी गेलो. कायोटी, म्हणजे इथले कोल्हे, हरणाच्या मागच्या बाजूने पोटात शिरले होते. आतडी बाहेर ओढून पार भाऱ्यापर्यंत नेलेली. डोळे डोमकावळ्यांनी काढले होते. पोट फुगून हिरवट झालेलं आणि त्या थंडीतसुद्धा वास असा की मी मफलर नाकात कोंबला. डेल कमरेच्या पट्ट्यात अंगठे खुपसून उभा होता. म्हणाला, "दॅट्स अ शेम. शूट स्ट्रेटर नेक्स्ट टाइम."

आणि तुम्ही म्हणालात, "सॉरी, डेल."

सॉरी! त्याला! तुम्ही ते कुजलेलं धूड दोरीने बांधून तारेच्या अलीकडे ओढत आणलंत, नियमाप्रमाणे त्याला लायसन्सबरोबर मिळालेला शिकारीचा टॅग लावलात, मग गाडीच्या मागच्या फळीवर बसलात आणि ओकलात. मटणाचं हाडसुद्धा चोखून ठेवणारा माणूस. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला नाही. मी त्या वेळी डेलला शिव्या घालत होतो, आणि तो निघून गेल्यावर तुम्हाला. तुमच्या परवानगीने ते हरीण कुजवलं, असं मी म्हणालो. एडमंटन येईपर्यंत मी बोलत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "सुभाष, आता पुरे." पाव्हणं म्हणाला नाहीत.

मला वाटलं, आता तरी संपलं. पुढच्या दिवाळीला अक्काच्या ओट्यावर डेलचा डबा तयार. त्या दिवशी मला तुमची किळस आली, दाजी. डेलची येते तशी नव्हे, घरच्या माणसाची येते तशी, जिच्यात जेवण थांबत नाही पण चव जाते. का जाता त्याच्या दारी, हे मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही नेहमीसारखे थर्मास शोधायला लागलात. उत्तर दिलं नाहीत. आता देणारही नाही.

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. मी अक्काकडे भांडी आवरत होतो तर रेवा खाली बेसमेंटमध्ये तुमची बंदूक पुढ्यात घेऊन साफ करत बसलेली. लायसन्स तिचं स्वतःचं आहे, बंदूकही आता तिच्या नावावर व्हायची आहे, त्यात काही नाही. म्हणाली, "मामा, आय अ‍ॅम गोइंग दिस सॅटर्डे. डॅड्स स्पॉट."

"कुणाबरोबर?"

"बाय मायसेल्फ."

"डेलला फोन केलास?"

तिने चिंधी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या बापाविषयी काही वाईट बोललो. "व्हाय वुड आय? इट्स अ पब्लिक रोड अलाउन्स. यू हॅव बीन सेइंग दॅट सिन्स आय वॉज इन हायस्कूल."

जिन्यात अक्का उभी होती. ती म्हणाली, "तूच शिकवलंस ना तिला? आता बोल."

रेवा म्हणाली, "आय हर्ड व्हॉट ही सेड अ‍ॅट द फ्युनरल. डॅड वॉज टू नाइस. आय अ‍ॅम नॉट आस्किंग दॅट मॅन फॉर एनीथिंग."

तुमच्या पोरीने माझी बाजू घेतली, दाजी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी घेतली, आणि ती मी शिकवलेल्याच शब्दांत. माझी छाती फुगायला हवी होती. पण मला ती गोष्ट आठवली, जी तुम्ही हसत हसत सांगितली होती. एका वर्षी तुम्ही सांगितलेला शनिवार सोडून रविवारी एकटेच गेला होतात. डेलचा पिकअप येऊन पाणंदीत आडवा उभा राहिला. इंजिन चालू, काच खाली, आणि त्याच्या मांडीवर रायफल. तुम्ही हात वर करून टोपी काढलीत, तेव्हा कुठे त्याने ओळखलं. म्हणाला, "ओ, इट्स यू. थॉट इट वॉज समबडी." समबडी म्हणजे कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. मला ती गोष्ट तेव्हा विनोदी वाटली होती. त्या पाणंदीत आता तुमच्या जागी मला रेवा दिसत होती. सावळी, एकटी, बर्फात, खांद्याला बंदूक, आणि त्याला न सांगता आलेली.

मी तिला म्हटलं, मी येतो बरोबर. ती म्हणाली, मामा, तुझा गुडघा बदललाय, बर्फात तू गेटापर्यंतही पोचणार नाहीस. खरं होतं ते. म्हटलं, निदान एक फोन कर, मागायचं नाही काही, नुसतं कळवायचं. ती म्हणाली, "सो द साइन इज राइट, देन?" पाटी खरी आहे का मग? मी काउंटीला पुन्हा फोन लावला. दुसरी बाई, तेच उत्तर, तसंच गोड.

शुक्रवारी दुपारी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी डेलला फोन केला.

माझा आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. हाय डेल, सुभाष हिअर. होप आय अ‍ॅम नॉट डिस्टर्बिंग यू. आय वॉज जस्ट वंडरिंग. त्या गाडीत मी एकटाच होतो आणि तरी सीटवर पुढे सरकून, मान वाकवून बोलत होतो. जी वाट त्याची नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, काउंटीला ठाऊक होतं, तिच्यावरून माझ्या भाचीला उद्या जाऊ देशील का, असं मी त्याला विचारलं. तिची गाडी कुठली, रंग कुठला, तेही सांगितलं. कोट नारिंगी असेल, म्हटलं.

"फॉर द गर्ल? शुअर, शुअर," डेल म्हणाला. "यू फोक्स हॅव ऑलवेज बीन पोलाइट. टेल हर टू शट द गेट." आणि जरा थांबून, "टेल युअर सिस्टर आय मिस दोज प्रेट्झेल्स."

मी म्हटलं, थँक यू, डेल. थँक यू सो मच. दोनदा म्हटलं.

फोन ठेवला. तोंडाला कडूशार चव आली होती. डेलची किळस होतीच, ती नवी नाही. काउंटीतल्या त्या गोड बायांची होती, शेजाऱ्यांनी समजुतीने घ्यावं म्हणणाऱ्या. ज्या देशात मी इतकी वर्षं टॅक्स भरतो, मत देतो, दुसऱ्याच्याही फुटपाथवरचं बर्फ फावड्याने उपसतो, तिथे एका सावळ्या मुलीने आपल्या हक्काच्या वाटेने जावं म्हणून तिच्या मामाला असं बोलावं लागतं, याची सगळ्यांत जास्त. आणि त्या सगळ्याच्या खाली एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. तुम्ही डबा घेऊन त्या पायरीखाली उभे राहायचात तेव्हा मी हीटर लावलेल्या गाडीत बसलेलो असायचो. नंतर मी त्या गेटातून कसा चालायचो? छाती काढून, मालकासारखा. कुणाच्या बापाला न विचारता.

कुणासाठी विचारत होतात तुम्ही, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

शनिवारी रेवा गेली. सकाळभर मी फोन हातात धरून होतो. अक्का म्हणाली, काय झालंय तुला, जेव तरी. दुपारी मेसेज आला. हरीण दिसलं नाही, पण हवा झकास आहे. आणि खाली: डेल ड्रोव्ह बाय अ‍ॅण्ड वेव्ह्ड. डिडन्ट आस्क एनीबडी. सी, मामा? दॅट्स हाउ यू डू इट.

मी तिला 'शाब्बास' असं पाठवलं.

तिला हे कधी कळू द्यायचं नाही, दाजी. म्हणजे पुढच्या वर्षी दिवाळी झाली की डबा घेऊन त्या पायरीखाली मलाच उभं राहायला लागणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि तिच्यासमोर मात्र पूर्वीसारख्याच गर्जना करायच्या. तुम्ही हे सगळं एकट्याने, हसऱ्या तोंडाने, इतकी वर्षं कसं गिळलंत? वर माझ्या शिव्या ऐकून मला चहा कसा दिलात? मला तर पहिल्याच घासाला ओकारी येतेय.